मदत हवी आहे: एक बुश, १४ साइज, पार्ट नंबर कसे सांभाळायचे?

नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप, यंत्रमागाचे सुटे भाग करतो. सॉलिडवर्क्स या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये एकाच बुशची (शाफ्टवर बसणारी नळी) १४ कॉन्फिगरेशन्स, म्हणजे एकाच फाइलमध्ये १४ मापं, केलीत, बोअर (आतलं भोक) १२ ते ३८ मिमी. बीओएममध्ये (भागांच्या यादीत) मात्र सगळ्यांना पार्ट नंबर म्हणून फाइलचंच नाव यायचं. परवा २० ऐवजी २२ बोअरचे ६० नग निघाले. टर्नरला काय बोलणार, कागदच तसा गेला होता!

आता पार्ट नंबरच्या सेटिंगमध्ये ‘डॉक्युमेंट नेम’ (फाइलचं नाव) काढून ‘यूझर स्पेसिफाइड नेम’ (आपण दिलेलं नाव) केलंय, डिझाइन टेबलात (सगळ्या मापांचा एक्सेल तक्ता) पार्ट नंबरचा कॉलमही घातलाय. पण आम्ही तिघं ड्रॉइंग करतो, एकच नंबर दोनदा पडतो. नंबरातच बोअर लिहावा की नुसता अनुक्रम ठेवावा? पीडीएम (फाइली आणि नंबर सांभाळणारं सॉफ्टवेअर) न घेता कुणी एक्सेलवर निभावलंय का?