मदत हवी आहे: ब्लॉटवरचे बँड मधून पांढरे येताहेत

नांदेडच्या लॅबमध्ये वेस्टर्न ब्लॉट (नमुन्यातलं ठरावीक प्रोटीन अँटिबॉडीने शोधायची चाचणी) करतोय. ल्युमिनॉलचा सबस्ट्रेट (एन्झाइमशी गाठ पडली की चमकणारं रसायन) टाकला की अंधारात बँड, म्हणजे प्रोटीनचे पट्टे, नुसत्या डोळ्यांनी चमकताना दिसतात, पण मिनिटभरात विझतात. एक्स-रे फिल्मवर कडा काळ्या, मध्ये पांढरं. मेम्ब्रेनवर (प्रोटीन उतरवलेल्या पातळ पडद्यावर) त्याच जागी तपकिरी डाग. शोधतोय ते प्रोटीन अ‍ॅक्टिन, लेनला ३० मायक्रोग्रॅम प्रोटीन, मेम्ब्रेन पीव्हीडीएफची, सेकंडरी अँटिबॉडी (प्रायमरीला चिकटणारी, एचआरपी हे एन्झाइम जोडलेली) १:२००० पातळ केलेली. सबस्ट्रेटची नवी बाटली उघडून पाहिली, टीबीएसटी बफरचे वॉश वाढवले, एचआरपी बंद पाडणारं अझाइड कुठेच नाही. (मे महिना आणि लाइटचा लपंडाव, म्हणून आधी फ्रीजलाच शिव्या घातल्या!) आता एचआरपी जास्त होऊन सबस्ट्रेट संपतोय असा संशय आहे. इमेजर (चमक टिपणारं कॅमेऱ्याचं यंत्र) नाही, प्रायमरी अँटिबॉडी (थेट प्रोटीनला चिकटणारी) जेमतेम दोन ब्लॉटपुरती उरलीय. तर सेकंडरी थेट १:२०,००० करू, की आधी प्रोटीन १० वर आणू?