गेटचा फोन परत बंद (सोसायटीचा ग्रुप, टिळकवाडी, बेळगाव)

वैशाली (ए-२०३): गेटचा फोन परत बंद आहे. सिलिंडरवाला खाली पावसात हॉर्न मारमारून निघून गेला. घरात निपाणीचे पाहुणे बसलेत, भाजी अर्धी शिजलेली. आता कढई घेऊन कुणाच्या दारात जाऊ तेवढं सांगा.

सेक्रेटरी (बी-१०१): वैशालीताई, सकाळी चालू होता. बघतो. 🙏

वैशाली (ए-२०३): गणपतीपासून बघायलायच तुम्ही.

नाडगौडा, खजिनदार: फोन बिघडलेला नाही. चार्ज नाही. बारीक पिनचा चार्जर गेटच्या कपाटातून कोणी नेला आहे? कृपया परत आणून ठेवावा.

ओंकार (सी-३०२): बारीक पिन 😂 ते म्युझियम अजून चालू आहे होय?

देसाई काका (ए-१०१): ओंकार, तो फोन मी सोसायटीला फुकट दिलाय. नोकिया ५८०० एक्सप्रेसम्युझिक. तू त्या वेळी सायकलला मागं दोन चाकं जास्तीची लावून फिरत होतास.

ओंकार (सी-३०२): तेच म्हणतोय काका. मी मोठा झालो, फोन नाही झाला.

सुजाता (सी-१०४): वैशाली, कढई घेऊन ये माझ्याकडं. गॅस मोकळा आहे.

वैशाली (ए-२०३): आलेच गं. पण विषय सोडणार नाही मी.

देसाई काका (ए-१०१): जरा इतिहास माहीत असू दे. २००८ च्या ऑगस्टमध्ये आपल्याकडं आयफोन ३जी आला, ८ जीबीचा ३१,००० रुपयांना. त्यावर व्हिडिओ शूटिंग नाही, फ्लॅश नाही, समोर कॅमेरा नाही, मेमरी कार्ड नाही, बॅटरी काढता येत नाही. एका मेसेजमधला मजकूर उचलून दुसरीकडं टाकायची सोय त्यांनी २००९ च्या जूनमध्ये दिली. २००८ च्याच अखेरीला हा ५८०० आला. ३.२ मेगापिक्सेलचा, कार्ल झाइस लेन्सचा कॅमेरा, दोन एलईडी, बाजूला दोन स्पीकर, एफएम, जीपीएस, वायफाय, खोक्यातच ८ जीबीचं कार्ड. आणि पुढं व्हिडिओ कॉलचा कॅमेरा.

ओंकार (सी-३०२): व्हिडिओ कॉल लावायचा कुणाला काका? ३जीचा लिलावच २०१० मध्ये झाला.

देसाई काका (ए-१०१): कुणाला नाही. पण होता.

नाडगौडा, खजिनदार: बारीक पिनचा चार्जर गेटच्या कपाटातून कोणी नेला आहे?

ओंकार (सी-३०२): काका, कागदावर तुमचा फोन भारी होता, मान्य. पण तो वापरताना काय व्हायचं ते आठवा. यादीत एखाद्या नावावर एकदा बोट दाबलं की ते नाव नुसतं रंगायचं, उघडायला परत दाबायचं. मेन्यूतल्या चिन्हांना मात्र एकदाच. वॉचमन शिवाप्पाला मी स्वतः शिकवलंय, त्याला शेवटपर्यंत कळलं नाही कुठं एक आणि कुठं दोन. कारण त्यातली सिम्बियन सिस्टिम बटणांच्या फोनसाठी बांधलेली होती, तिच्यावर टच नंतर चिकटवला. आयफोनवाल्यांनी बोट धरून सगळं पहिल्यापासून मांडलं. यादी बोटानं ढकलली की पुढं पळायची, फोटो दोन बोटांनी मोठा व्हायचा. कॉपी-पेस्ट नसताना लोकांनी ३१,००० का मोजले? हातात घेतल्यावर कळत होतं म्हणून.

देसाई काका (ए-१०१): लोकांनी मोजले नाहीत. बेळगावात तेव्हा आयफोन बघायला दुकानात गर्दी, घ्यायला कोण नाही.

पाटील (बी-२०२): काका, जीपीएसचं मात्र खरं. २०१० ला नोकियानं नकाशे फुकट केले तेव्हा तुमच्याच गाडीतून चोर्ल्यानं गोव्याला गेलो होतो. कणकुंबीच्या पुढं कुणाच्या फोनला रेंज नाही आणि हा बाई बोलत रस्ता सांगायलाय. नकाशा घरातूनच भरून घेतलेला.

सुजाता (सी-१०४): घाटात एकच रस्ता आहे भाऊ. बाई नसती तरी पोचला असता.

पाटील (बी-२०२): 😄 पण रोमिंगची आठवण काढा की. शिनोळीला चहाला गेलं तरी महाराष्ट्राचा टॉवर पकडायचा आणि बॅलन्स खल्लास. माणूस कर्नाटकात, मोबाइल महाराष्ट्रात.

सुजाता (सी-१०४): निदान मोबाइल तरी गेला.

सेक्रेटरी (बी-१०१): राजकारण नको प्लीज. ग्रुपचे नियम वर पिन केलेले आहेत. 🙏

पाटील (बी-२०२): यात राजकारण कुठं आलं? बिलाचं बोलायलोय मी.

हिरेमठ सर (बी-३०१): सुम्म इर्री पाटील, गप्प बसा. मुद्दा गेटच्या फोनचा आहे.

पाटील यांनी हा मेसेज डिलीट केला आहे.

वैशाली (ए-२०३): पाहुणे जेवायला बसले. सुजाता, उपकार. आता बोला, नवीन फोन घेणार का नाही?

ओंकार (सी-३०२): घ्यायलाच पाहिजे. साधा अँड्रॉइड घेऊ आणि व्हिजिटरचं ॲप टाकू. जुन्यावर ते होणारच नाही, व्हॉट्सॲपसुद्धा सिम्बियनवर २०१७ च्या ३० जूनला बंद झालं. प्रोसेसर ४३४ मेगाहर्ट्झ, रॅम १२८ एमबी. हल्लीचं एक ॲपसुद्धा त्यात मावणार नाही.

हिरेमठ सर (बी-३०१): ओंकार, थोडं थांब. मी परवा संध्याकाळी मुसळधार पावसात गेटवर उभा होतो. शिवाप्पाचा स्वतःचा नवीन फोन आहे. बोटं ओली, काचेवर थेंब, स्क्रीन भलतीकडंच पळायली होती. शेवटी त्यानं तो शर्टाला पुसला, शर्टही ओला. मग त्यानं देसाईंचा जुना उचलला, अंगठ्याच्या नखानं नंबर दाबला, फोन लागला. याला कारण आहे. जुन्या स्क्रीनला दोन थर असतात, मध्ये बारीक फट. दाबलं की वरचा थर खालच्याला टेकतो आणि जागा कळते. नख, पेन, हातमोजा, काहीही चालतं. नव्या काचेला दाब कळत नाही, तिला बोटातली वीज कळते, आणि पाण्यानं तिचा गोंधळ होतो. चार महिने पावसाच्या गावात गेटवर कुठली स्क्रीन बरी, तुम्हीच सांगा.

देसाई काका (ए-१०१): 👏👏 सर, हे मिटिंगमध्ये सांगा.

वैशाली (ए-२०३): सर, मग दुपारी ऊन असतं तेव्हा तोच शिवाप्पा स्क्रीनवर टोपीची सावली धरून नंबर का वाचतो?

हिरेमठ सर (बी-३०१): तेही त्या वरच्या थरामुळंच. उजेड परावर्तित होतो. दोष आहे, नाकारत नाही. शिवाय दोन बोटं एकदम ठेवली तर त्याला कळत नाही.

ओंकार (सी-३०२): म्हणजे पावसाळ्यात हा आणि उन्हाळ्यात तो. स्वेटर झाला की फोनचा.

नाडगौडा, खजिनदार: बारीक पिनचा चार्जर कोणी नेला आहे? आणि कोणीतरी त्या फोनला यूएसबी केबल खोचून ठेवली आहे. त्या भोकातून हा फोन चार्ज होत नाही, फक्त गाणी भरता येतात. हे मी तिसऱ्यांदा सांगत आहे.

सुजाता (सी-१०४): भाऊ, ते आमच्या पिंट्याचं काम असणार. विचारते त्याला.

देसाई काका (ए-१०१): बॅटरीचंही ऐकून ठेवा. बीएल-५जे. नोकियाच्याच लुमिया ५२० ला पण तीच होती, म्हणून अजून मिळते. पाठ उघडायची, बदलायची, दोन मिनिटांचं काम. ओंकारच्या फोनची बॅटरी गेली की तो दुकानात दोन दिवस ठेवून येतो.

ओंकार (सी-३०२): दोन दिवस नाही, एक तास.

देसाई काका (ए-१०१): मागच्या वेळी तू माझ्याच फोनवरून आईला फोन केलास. दोन दिवस.

ओंकार (सी-३०२): 😶

पाटील (बी-२०२): एक विचारू? त्यात सिम कुणाचं आहे?

सेक्रेटरी (बी-१०१): माझं जुनं.

पाटील (बी-२०२): मग रिचार्ज?

सेक्रेटरी (बी-१०१): तेच सांगणार होतो. रिचार्ज मी खिशातून करतोय. जिओचं सिम त्यात चालत नाही, त्यांचं सगळं ४जी-५जी. जे काय बोलणं होतं ते २जीवर. ती सेवा ज्या दिवशी बंद होईल त्या दिवशी देसाईकाकांचा फोन एफएम ऐकायला उरेल, तोसुद्धा हेडफोन लावला तरच.

देसाई काका (ए-१०१): खिशातून करता हे आज कळलं. आधी सांगायचं की.

सेक्रेटरी (बी-१०१): कुणी विचारलं नाही काका.

वैशाली (ए-२०३): साहेब, माझं मघाचं बोलणं तुमच्यावर नव्हतं. पण फोन चालू पाहिजे.

हिरेमठ सर (बी-३०१): मी शिवाप्पाला आत्ता खाली जाऊन विचारलं. इतका वेळ आपण त्याच्याबद्दल बोलतोय, त्याला कोणीच विचारलं नव्हतं. तो म्हणतो, घेणं-ठेवणं त्याला जमतं, कारण खाली हिरवं आणि लाल बटण आहे. घंटी वाजली की तो स्क्रीनकडं बघतच नाही. त्याला ॲप नको, नकाशा नको. बटणं पाहिजेत आणि रात्री मीटर बघायला टॉर्च.

सुजाता (सी-१०४): म्हणजे टचस्क्रीनवर एवढी चर्चा, आणि माणूस बटणं दाबायलाय.

ओंकार (सी-३०२): मग व्हिजिटर ॲप?

वैशाली (ए-२०३): ॲपवर सिलिंडरवाला फोटो काढून घेत उभा राहणार आहे का रे? ४जी चालणारा बटणांचा फोन घ्या, विषय संपवा.

सेक्रेटरी (बी-१०१): ज्यांना मान्य त्यांनी 👍 करा. रविवारी खडेबाजारातून आणतो.

हिरेमठ सर (बी-३०१): 👍

पाटील (बी-२०२): 👍 सिम सोसायटीच्या नावावर घ्या.

सुजाता (सी-१०४): 👍 पिंट्या म्हणतो चार्जर त्यानं नेला नाही. केबल त्याची आहे.

ओंकार (सी-३०२): 👍 नाइलाज. काका, त्या ८ जीबी कार्डात अजून गाणी आहेत?

देसाई काका (ए-१०१): 👍 आहेत की. भीमसेनजींचे अभंग, सगळे. रात्री ये, येताना कार्ड रीडर आण.

नाडगौडा, खजिनदार: 👍 खर्च देखभाल खात्यात टाकतो.

वैशाली (ए-२०३): पक्कं बिल घ्या. जनरेटरच्या वेळी काय झालं ते मी विसरलेले नाही.

नाडगौडा, खजिनदार: ताई, त्याचा खुलासा मिटिंगमध्ये झालेला आहे.

वैशाली (ए-२०३): झाला तर. म्हणूनच बिल म्हणायलेय.