मथळे आणि मजकूर: अक्षरांचे आकार कसे ठरवू?

प्रश्न: माझ्या साइटवर मथळे कुठे २८, कुठे ३०, कुठे ३३ पिक्सेल. दर वेळी डोळ्याला बरं वाटेल ते टाकत गेले. आता एकसारखं कसं करू?

उत्तर: मजकूर १६ धरा, बहुतेक ब्राउझरचा मूळ आकार तोच. दर पायरीला १.२५ ने गुणा: २०, २५, ३१.२५, ३९. बाकीचे आकार खोडा. आणि आकार रेममध्येच (rem, पानाच्या मूळ अक्षर-आकाराच्या पटीत मोजायचं एकक) लिहा, म्हणजे वाचणाऱ्याने ब्राउझरमध्ये अक्षर वाढवलं की मथळेही वाढतात.

उत्तर: मोबाइलवर ३९ अंगावर येतो, तिथे दर पायरीला १.२५ ऐवजी १.२ ने गुणा. मजकुराच्या ओळींतलं अंतरही बघा. ते अक्षराच्या १.२ पट ठेवलं तर वरचा उकार खालच्या वेलांटीला टेकतो. देवनागरीला मी १.६ देते.

प्रश्नकर्ती: केलं! अकरा आकारांचे पाच झाले. उकारही सुटले.