फेब्रुवारीत फोर्क्सला स्टीलहेडची गाइडेड ट्रिप: काय धरून चालायचं?

धरमपेठ_मृणाल

नमस्कार मंडळी. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिम्पिक पेनिन्सुलावर, फोर्क्स गावाजवळ, स्टीलहेड माशासाठी फेब्रुवारीच्या मध्यात गाइडसोबत दोन दिवस बुक केलेत. सोबत दीर आहेत, ते ट्राउटवाले. मी इथे नागपुरात सहा वजनाच्या (म्हणजे सहा नंबरचा दोरा पेलणाऱ्या) एकहाती फ्लाय रॉडवर (फ्लाय म्हणजे पिसं-धागे बांधलेला गळ) तलावात तिलापिया आणि मरळ करते. ओव्हरहेड (डोक्यावरून मागे-पुढे) आणि रोल (दोरा मागे न फेकता पाण्यावरूनच पुढे) कास्ट, म्हणजे फेक, व्यवस्थित जमतात, दोन हाती स्पे रॉड मात्र वापरलेला नाही.

गाइडने एवढंच कळवलंय की बोट आहे, पण गळ पाण्यात उतरूनच टाकायचा, स्विंग करायचं, म्हणजे फ्लाय प्रवाहातून आडवी फिरवत आणायची. रॉड, रील, फ्लाय त्याचे. मला विचारायचंय ते असं: बोट आहे तर बोटीतूनच का नाही? मासे किती धरून चालायचे? स्पे कास्टची तयारी नागपुरात होऊ शकते का? कपडे काय न्यायचे? आणि पावसाने नदी गढूळ झाली तर दिवस वाया जातो का?

वेणाकाठ

मृणालताई, आधी माशांच्या आकड्याचं बोलतो, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. हिवाळ्यात स्विंगवर दिवसाला माशाची एक ओढ मिळाली तरी दिवस चांगला गेला म्हणायचं. दोन दिवसांत एकही मासा न लागणं हे चांगल्या गाइडसोबतही होतं. स्टीलहेड म्हणजे समुद्रात वाढून परतलेला रेनबो ट्राउट. नदीत चढतो तो अंडी घालायला, खाण्याकडे फारसं लक्ष नसतं. त्यात पाणी ३ ते ७ अंश सेल्सिअस. इतक्या गारठ्यात तो फ्लायच्या मागे धावत नाही. फ्लाय त्याच्या जवळून, त्याच्याच खोलीवरून, सावकाश जायला हवी. लागला तर बहुतेक ६ ते १२ पौंडांचा असतो, १५ च्या वरचेही या नद्यांत येतात.

बोटीचं कारण नियमात आहे. तिथल्या किनारपट्टीच्या नद्यांवर २०२०-२१ च्या हिवाळ्यात जंगली माशांची संख्या घटल्यामुळे बोटीतून मासेमारी बंद केली, आमिष बंद केलं, एकेरी आणि बिनबार्बचा (उलट्या काट्याविना) गळ सक्तीचा केला. त्यानंतरही दर हंगामात निर्बंध येत राहिलेत, म्हणून निघण्याआधी राज्याच्या मत्स्य विभागाच्या साइटवर त्या त्या नदीचे चालू नियम वाचाच. २०२२ मध्ये तर १ मार्चलाच हंगाम बंद केला होता. तेव्हा बोट ही फक्त एका डोहापासून पुढच्या डोहापर्यंत नेण्यासाठी.

आता स्विंग. गाइड तुम्हाला डोहाच्या वरच्या टोकाला उभं करेल. हवं ते पाणी म्हणजे माणूस रमतगमत चालेल त्या वेगाचं, तीन ते सहा फूट खोल, तळाला मोठे गोटे. पहिल्या काही कास्टना दोरा १५-२० फूटच बाहेर ठेवा आणि गुडघ्याच्या वर जाऊ नका. मासे पुष्कळदा काठालगत असतात आणि नवखा माणूस नेमका त्यांच्या डोक्यावर जाऊन उभा राहतो.

कास्ट पलीकडच्या काठाकडे, पण सरळ आडवा नको, प्रवाहाच्या खालच्या बाजूला ४५ ते ६० अंश वळवून. फ्लाय पडल्याबरोबर दोरा उचलून वरच्या अंगाला टाका, म्हणजे मेंड करा, आणि दोऱ्याच्या पुढच्या बुडणाऱ्या टोकाला, म्हणजे टिपला, बुडायला दोन-तीन सेकंद द्या. मग दोरा ताणला जातो आणि फ्लाय आपसूक आडवी येऊ लागते. इथून पुढे हात शांत. रॉडचं टोक फ्लायच्या दिशेने हळूहळू फिरवत न्यायचं, ओढायचं नाही. फ्लाय तुमच्या बरोबर खाली येऊन थांबली की पाच-दहा सेकंद तशीच लटकू द्या. पाठलाग करत आलेला मासा इथेच घेतो, आणि नेमकं इथेच लोक घाईने दोरा गुंडाळतात. मग दोन पावलं खाली, पुढचा कास्ट. लांबी तीच ठेवा. अख्खा डोह असा पट्ट्यापट्ट्याने झाडून काढायचा.

गाइडचा सेट बहुधा असा असेल: १३ फुटी, ७ किंवा ८ वजनाचा रॉड, ५०० ते ६०० ग्रेन वजनाचं स्कॅजिट हेड (दोऱ्याचा जाड, जड पुढचा भाग), पुढे १० फुटी बुडणारी टिप, त्यापुढे तीन ते पाच फूट, १२ ते १५ पौंडी लीडर (फ्लायला जोडणारा बारीक दोरा) आणि इंट्रूडरसारखी मोठी पिसारेदार फ्लाय. पाणी गढूळ असेल तर काळी-निळी, निवळ असेल तर गुलाबी-नारिंगी, असा साधारण क्रम. पण रंगापेक्षा खोली आणि वेग जास्त कामाचे.

दर वेळी फ्लाय तळाला घासली की टोक तपासा. गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर तिरपं टेकवून हलकेच ओढायचं. नखात रुतलं तर ठीक, घसरलं तर बोथट. गाइडला सांगून लगेच बदला. दिवसभरात एकच ओढ मिळणार असेल तर बोथट गळ परवडत नाही.

पेंच_पल्याड

नागपुरातली तयारी होते, अगदी छान होते. इथे दोन हाती रॉड मिळणं कठीण, म्हणून एकहातीवरच स्पेच्या हालचाली बसवा. एकच गोष्ट समजून घ्या: स्पे कास्टमध्ये फ्लाय आणि लीडर पाण्याला चिकटून राहतात, त्यालाच अँकर म्हणतात. मागे दोऱ्याचा फुगवटा, म्हणजे पोट, तयार होतं आणि अँकरच्या आधाराने ते पुढे फेकलं जातं. साध्या गवतावर अँकर धरत नाही, दोरा घसरत मागे येतो. त्यासाठी १० फूट जाड नायलॉन घ्या, साधारण अर्ध्या मिलिमीटरचं. दर फुटावर गाठ मारा आणि प्रत्येक गाठीचं टोक इंचभर बाहेर ठेवा. ही टोकं गवतात अडकतात आणि अँकर मिळतो. शेवटी गळाऐवजी लोकरीचा रंगीत गोंडा. सकाळी दवाने गवत ओलं असताना जास्त चांगलं जमतं. वर विजेच्या तारा नसलेलं मैदान निवडा, ग्राफाइट रॉडमधून वीज वाहते.

शिकायचे कास्ट दोनच: डबल स्पे (पोट प्रवाहाच्या खालच्या बाजूला) आणि स्नॅप-टी (पोट वरच्या बाजूला). वारा प्रवाहाच्या दिशेने वाहत असेल तर डबल स्पे, प्रवाहाच्या उलट वाहत असेल तर स्नॅप-टी. कारण सुरक्षेचं आहे. दोऱ्याचं पोट नेहमी वारा अंगापासून दूर नेईल त्या बाजूला हवं, नाहीतर गळ कानाला लागतो. चष्मा आणि टोपी म्हणूनच सक्तीची.

तिथे दोन हाती रॉड हातात आला की एकहातीवाल्यांचं एक ठरलेलं चुकतं: सगळा जोर वरच्या हाताने लावला जातो. कास्टचा जोर खालच्या हाताचा असतो, मूठ पोटाकडे ओढायची. वरचा हात हा फक्त टेकू. दुसरं, बुडालेली टिप थेट उचलायला जाऊ नका. आधी एक रोल कास्ट करून ती पृष्ठभागावर आणा, मग पुढची हालचाल. आणि अँकर सुटून मागे 'फट्' असा आवाज आला तर वेग कमी करा, जोर वाढवू नका. ५०-६० फुटांचा नीट कास्ट पुरतो.

गोधनी_अनुजा

कपड्यांचं मी सांगते, कारण बायकांच्या मापाची अडचण पुरुष मंडळी विसरतात. वेडर्स (पाण्यात उतरायची छातीपर्यंतची जलरोधक विजार) आणि बूट गाइड देणार असेल तर उंची, कमरेचं माप आणि पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये आत्ताच कळवा. बूट नेहमीपेक्षा एक माप मोठे मागा: वेडर्सचे जाड निओप्रीनचे पाय आणि आत दोन मोजे. बूट घट्ट झाला की रक्त फिरत नाही आणि कितीही लोकर घातली तरी बोटं बधिर होतात.

आपल्याकडे जानेवारीत पारा १० च्या खाली गेला तरी ती कोरडी थंडी. तिथे तापमान साधारण तेवढंच किंवा थोडं कमी, पण दिवसभर रिमझिम आणि अर्धं अंग पाण्यात. फोर्क्सला वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस, नागपूरच्या जवळपास तिप्पट, आणि बहुतेक हिवाळ्यातच. म्हणून सुती काहीही नको, अगदी आतले कपडेसुद्धा. अंगाला लागून मेरिनो लोकर, त्यावर फ्लीस (पायांतही), त्यावर सिंथेटिक भरणाचं हलकं जॅकेट, सगळ्यात वर पक्कं जलरोधक. बिनबोटांचे लोकरी हातमोजे दोन जोड्या, एक जोडी झिपच्या पिशवीत कोरडी ठेवायची.

वेडर्सवर कमरेचा पट्टा आवळून बांधलेला हवाच, पडलात तर पाणी आत शिरायला उशीर लागतो. पडलात तर पाठीवर व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेने, आणि तिरपं काठाकडे सरका. मध्येच उभं राहायचा प्रयत्न नको, पाय गोट्यांत अडकतो. चालताना पाय उचलू नका, सरकवा, आणि हातात काठी मागून घ्या. बुटांना खिळे असतील तर बोटीत चालतात का, ते आधी विचारा. रबरी राफ्टवाले नको म्हणतात. दुपारचं जेवण गाइडकडेच असतं, शाकाहारी असाल तर आधी सांगा. संत्री मात्र नेऊ नका, ताजी फळं तिथे विमानतळावर काढून घेतात.

धरमपेठ_मृणाल

खूपच उपयोगी! नायलॉन आणि गाठींचं उद्याच करते. एक राहिलं: ओढ आली की नेमकं काय करायचं? मरळीला तर झटक्यात रॉड वर मारावा लागतो.

वेणाकाठ

तेच नाही करायचं. तुम्ही माशाच्या वरच्या अंगाला उभ्या असता आणि त्याचं तोंड तुमच्याकडे असतं. रॉड वर मारला की फ्लाय त्याच्या तोंडातून सरळ पुढे निघून येते. तो फ्लाय घेऊन वळला की दोरा जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, आणि गळ तिथेच पक्का रुततो. म्हणून ठकठक, टकटक असं जाणवलं तरी हात स्थिर. रीलचा ब्रेक हलका ठेवा. दोरा सुटू लागला, वजन सलग जाणवलं, की मगच रॉड आडवा, खाली ठेवून काठाच्या दिशेने नेऊन ताण द्या. वर नाही, बाजूला. मरळीची सवय असलेल्यांना हे सगळ्यात अवघड जातं, दिरांनाही जाईल.

नुसती टकटक होऊन मासा गेला तर जागा सोडू नका, तोच कास्ट त्याच लांबीवर पुन्हा टाका. नाही आला तर गाइडला सांगून लहान, गडद फ्लाय लावून पुन्हा.

आणि जंगली मासा पाण्याबाहेर काढायचा नाही. वॉशिंग्टनमध्ये सोडून द्यायचा स्टीलहेड पूर्णपणे पाण्याबाहेर उचलणं बेकायदेशीर आहे. पाठीवरचा शेपटीजवळचा छोटा मांसल पर शाबूत असेल तर तो जंगली. कापलेला असेल तर हॅचरीचा, म्हणजे माणसाने पैदास केलेला. फोटो हवा तर मासा जाळ्यात, पाण्यातच ठेवून. पॅसिफिक सॅमनसारखा हा अंडी घालून हमखास मरत नाही, समुद्रात परत जाऊन पुन्हा येऊ शकतो. म्हणून त्याला नीट सोडणं फार मोलाचं.

नदीचा_आलेख

पावसाचा प्रश्न राहिला. चांगले गाइड फोर्क्समध्येच का राहतात, तर तिथून होह, सोल डक, बोगाचील अशा नद्या हाताशी आहेत आणि त्या वेगवेगळ्या वेगाने निवळतात. होह हिमनदीतून येते, तिचं पाणी एरवीही दुधाळ हिरवं. मोठ्या पावसानंतर ती उशिरा निवळते. सोल डक लवकर. त्यामुळे आदल्या रात्री नदी बदलल्याचा निरोप आला तर नाराज होऊ नका, तो त्याचं काम करतोय.

यूएसजीएसच्या (अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या) साइटवर या भागातल्या नद्यांच्या प्रवाहाचे आलेख असतात. आकड्यापेक्षा रेघ कुठे चाललीय ते पाहा. चढती रेघ म्हणजे गढूळ पाणी आणि वाहून येणारे ओंडके. पूर ओसरताना, पाणी हिरवट होऊन दीड-दोन फूट खोलवरचं दिसू लागलं, की सगळ्यात चांगली वेळ. नवे मासे समुद्रातून चढलेले असतात. हवामान पाहताना बर्फ किती उंचीवर पडणार तेही बघा. थंड पाऊस असेल तर डोंगरावर बर्फच पडतो आणि नदी फारशी चढत नाही. उबदार पाऊस साचलेलं बर्फही वितळवतो आणि नद्या एकदम फुगतात.

सगळ्याच नद्या फुगल्या तर दिवस रद्द होतो. तेव्हा आगाऊ रक्कम परत मिळते की पुढची तारीख, हे बुकिंगच्या मेलवर लिहून घ्या. गाइडची बक्षिसी (टिप) दिवसाच्या फीच्या १५ ते २० टक्के, रोख, मासा लागो न लागो. लायसन्स तुमचं तुम्हालाच काढावं लागतं, सोबत स्टीलहेडचं कॅच रेकॉर्ड कार्ड (पकडलेल्या माशांची नोंद करायचं) घ्या. ऑलिम्पिक नॅशनल पार्कच्या हद्दीत नदीवर राज्याचं लायसन्स लागत नाही, पण कार्ड लागतंच. आणि एकाच दिवसात हद्दीच्या आत-बाहेर होऊ शकतं, म्हणून दोन्ही खिशात असू द्या.