एमआरआय रिपोर्टातल्या ‘लीजन’ला आपल्यात काय म्हणायचं?

प्रश्न (वडगाव, बेळगाव): आमच्या मामांचा उजवा हात बरीच वर्षं थरथरायचा, पार्किन्सन नव्हे, इसेन्शियल ट्रेमर. सही बँकेत कधी जुळायची नाही. बाहेरगावी फोकस्ड अल्ट्रासाऊंडनं ऑपरेशन केलं, हात आता बऱ्यापैकी स्थिर हाय, पण नंतरच्या एमआरआयत ‘डाव्या थॅलॅमसमध्ये (मेंदूच्या आत खोलवरचा एक भाग) लीजन, भोवती इडिमा’ असं लिहून आलंय आणि मामी तेव्हापासून गाठ गाठ म्हणूलाल्यात. डिक्शनरीत क्षत, व्रण, विकृती असलं काय काय दिलंय. घरात कुठला शब्द वापरायचा?

खानापूर: गाठ तेवढं म्हणू नका! गाठ म्हटलं की माणूस थेट कॅन्सरवर जातोय. हे लीजन डॉक्टरांनीच केलेलं असतंय की. कवटीबाहेरून हजारभर अल्ट्रासाऊंड किरण थॅलॅमसमधल्या व्हिम नावाच्या बारक्या जागेवर एकवटतात आणि तेवढीच जागा तापवून निकामी करतात, ५५-६० डिग्रीपर्यंत. डावीकडं केलं की उजवा हात शांत होतो. म्हणजे रिपोर्टात लीजन दिसलं नसतं तरच काळजी.

निपाणी: ‘जखम’ म्हणा की सरळ. फक्त कन्नड सिस्टरसमोर जपून, त्या जखमेला ‘गाय’ म्हणतात, मेदुळल्ली गाय (मेंदूत जखम) ऐकून आमच्या आजोबांनी विचारलं होतं गाय कुठनं आली 😄

टिळकवाडी (एमआरआय सेंटरला कामाला आहे): जखम चालेल, पण पहिले काही आठवडेच. चित्र बदलत जातं ना. सुरवातीला मधे मेलेला भाग, त्याच्याभोवती सूज (इडिमा म्हणजे सूजच, त्यात वेगळं काही नाही), पहिल्या आठवड्यात ती सूज वाढते सुद्धा, चालताना तोल जाणं, ओठ किंवा बोटं बधिर वाटणं हे तेव्हाच जास्त. पुढं सूज ओसरते, महिन्या-दोन महिन्यांत ठिपका आक्रसतो आणि वर्षानं साध्या एमआरआयत शोधावा लागतो. त्या वेळी ‘वण’ जास्त बरोबर. आणि वण बारीक झाला म्हणून कंप परत आला असा अर्थ काढू नका, ते हात बघूनच ठरतं, कागदावर गोल गोल स्पायरल काढायला लावतात ते त्यासाठीच.

चिकोडी: माझं मत ‘डाग’. आपल्याकडं जनावराला सळई तापवून डाग देतात ना, मुद्दाम, उपचार म्हणून. इथंबी तेच, फक्त सळई नाही.

खानापूर: अर्थ बसतोय, पण नको वाटतंय. अजून काही ठिकाणी पोट दुखतंय म्हणून तान्ह्या पोरांना डागतात, त्या अघोरी प्रकाराशी नाव जोडू नये. शिवाय ‘मेंदूत डाग’ म्हटलं की लोकांना छातीच्या एक्सरेतला टीबीचा डाग आठवणार.

चिकोडी: टीबीचा मुद्दा मान्य. तरी ‘उपचाराची जखम’ म्हणा म्हणजे कुणीतरी केलीय हे त्यात येतं, नुसत्या जखमेत अपघात वाटतोय.

शहापूर: जाता जाता, कंप आणि कंपवात एक करू नका. कंपवात म्हणजे पार्किन्सन, त्यात हात मांडीवर निवांत असताना जास्त हलतो. मामांचा कप उचलताना हलायचा, तो नुसता कंप, कन्नडमधला नडुक.
आणि पुढं फंक्शनल एमआरआय (मेंदूचा कुठला भाग कामाला लागलाय ते दाखवणारा) झालाच तर मेंदू ‘पेटलाय’ असं भाषांतर नको, त्यात रक्तातल्या ऑक्सिजनचा फरक दिसतो. छोट्या मेंदूकडून थॅलॅमसमार्गे हालचालीच्या भागाकडं जाणारी जोडणी ऑपरेशननंतर कशी बदलली ते त्यावरून तपासतात. ‘जोडणी’ बरा शब्द आहे, वीजवाल्यांनी आधीच वापरलाय.

वडगाव: मामींना ‘उपचाराची जखम, पुढं वण होईल’ असं सांगितलं. म्हणाल्या, मग रिपोर्टात तसं लिहायला काय होतंय?

टिळकवाडी: बरोबर विचारल्या. पुढच्या स्कॅनला जाताना ऑपरेशनची तारीख आणि जुनी सीडी घेऊन जा, फॉर्मवर ‘थॅलॅमोटॉमी झालीय’ (म्हणजे हेच थॅलॅमसचं ऑपरेशन) असं लिहायला सांगा. नाहीतर रिपोर्ट लिहिणारा ते लकव्याचं समजू शकतो.