मदत हवी आहे: कामगंध सापळ्यात एकही पतंग नाही

पऱ्हाटीवाला: आठ दिवस झाले सापळे लावून, पिशवी रिकामीच. धुऱ्यापलीकडं शेजाऱ्याच्या सापळ्यात रोज दहा-बारा पडतात. काय चुकलं? लवकर सांगा.

खारपाणपट्टा: भाऊ, पीक कोणतं, किती दिवसांचं, नर पतंग ओढायला सापळ्यात लावलेली मादीच्या गंधाची गोळी कोणती? काहीच लिहिलं नाही तुम्ही.

पऱ्हाटीवाला: नावातच हाय ना पीक, पऱ्हाटी म्हंजे कपाशी! साठ दिवसांचं. गोळी घरातच पडून होती.

निंबोळीभक्त: सापळेगिपळे सोडा. निंबोळी अर्क मारा, 5 टक्के.

खारपाणपट्टा: त्यानं फवारणी विचारलीच नाही राजेहो. घरात पडून म्हणजे कशाची उरलेली?

पऱ्हाटीवाला: हरभऱ्यासाठी आणली होती. गोळी ती गोळीच ना?

बीएस्सी_दुसरं_वर्ष: काकाजी, इथंच घोटाळा. ती घाटेअळीची. गुलाबी बोंडअळीचा नर तिच्याकडं ढुंकूनही पाहणार नाही. पतंगाच्या मिशांवर सच्छिद्र केस असतात, आत पाण्यासारखा द्रव. मादीचा गंध तेलकट, त्या द्रवात विरघळत नाही. म्हणून काही प्रथिनं त्याला उचलून मज्जापेशीवरच्या ग्राही प्रथिनापर्यंत नेतात. तिथं तो नीट बसला, तरच नराला खबर. अशी वाहक प्रथिनं पहिल्यांदा 1981 मध्ये एका रेशमी पतंगात सापडली. गुलाबीचा गंध म्हणजे जवळपास सारख्याच दोन रेणूंचं निम्मं-निम्मं मिश्रण. गोळीत तेच पाहिजे.

वरणभात: प्रथिनं म्हंजे डाळीतली? पतंगाले वरण पाजता का?

निंबोळीभक्त: अंडी तर मादी घालते. नर धरून फायदा काय? निंबोळीच खरी.

बीएस्सी_दुसरं_वर्ष: निंबोळीचं कडूपणही अळीला तोंडाजवळच्या चवीच्या केसांनीच कळतं, काका. तिथंही प्रथिनंच.

निंबोळीभक्त: मग मी तेच तर म्हणतो!

खारपाणपट्टा: एकरी दोन सापळे मोजणीसाठी असतात, अळी संपवायला नाही. सलग तीन रात्री दर सापळ्यात रोज आठ पतंग आले की फवारणीची वेळ. आणि गोळीला तंबाखूचा हात लावू नका.

पऱ्हाटीवाला: तंबाखू घोटूनच लावली होती.

वरणभात: माशी पायानं चव घेते म्हणतात, खरं का? माह्या चहावर रोज बसते.

बीएस्सी_दुसरं_वर्ष: खरं आहे. चहा झाका.

पऱ्हाटीवाला: काल गुलाबीची नवी गोळी आणली, हात धुऊन लावली. सकाळी पिशवीत चौदा! आधी खुश झालो, मंग ध्यानात आलं का हे तर वावरात आधीपासूनच होते.

खारपाणपट्टा: अजून दोन रात्री मोजा. आणि डोमकळ्या, म्हणजे अळी लागून न उमललेली फुलं, दिसल्या तर तोडून जाळा.