यामागुची योशिकोला माफ करायचं का?

चाफा
आठवडाभर 'ये लाय श्यांग' ऐकतेय. रात्री दरवळणाऱ्या फुलाचं १९४४ सालचं चिनी गाणं. आवाज इतका घोटलेला की दर वेळी थांबून ऐकावं लागतं. रेकॉर्डवर गायिकेचं नाव ली शियांगलान, पण बाई जपानी, यामागुची योशिको. १९२० साली ईशान्य चीनमधल्या मांचुरियात, फुशुनजवळ जन्म. वडील रेल्वे कंपनीत चिनी भाषा शिकवायचे. त्यांच्या एका चिनी मित्राने तिला लेक मानलं आणि हे नाव दिलं. इथपर्यंत सगळं गोड आहे.

पुढे जपान्यांनी मांचुरिया बळकावून तिथे काढलेल्या सिनेकंपनीने १९३८ मध्ये तिला चिनी नटी म्हणून पडद्यावर आणलं आणि ती जपानी असल्याचं दडवलं. १९४० च्या 'शिना नो योरू' (चीनची रात्र) या जपानी सिनेमात ती शांघायमधली अनाथ चिनी मुलगी झालीय. जपानी नायक तिच्या थोबाडीत मारतो, आणि तिथेच तिचं मन त्याच्याकडे वळतं. जपानी फौजेने नानजिंग शहरात केलेल्या चिन्यांच्या कत्तलीला तेव्हा तीन वर्षंही झाली नव्हती!
गाणं ऐकावं. माफ करू नये.

दर्यावर्दी
साफ असहमत. अठराव्या वर्षी कंपनीत आलेली पोर ती. सैन्याच्या छायेतल्या कंपनीला नाही म्हणायची तिची काय बिशाद? शिकली बेइजिंगमध्ये, चिनी मुलींबरोबर. तिथे विद्यार्थ्यांच्या बैठकीत विषय निघाला की जपानी फौज शहरावर चालून आली तर कोण काय करणार. ती म्हणाली, मी शहराच्या तटावर उभी राहीन. म्हणजे गोळी कुठूनही येवो, आधी तिलाच लागणार. जपानला पहिल्यांदा गेली तर बंदरावरच्या अधिकाऱ्याने झापलं, जपानी असून चिनी कपडे का घातलेस म्हणून. दोन्हीकडून बोलणी खाल्लेल्या मुलीला आपण आणखी काय शिक्षा देणार?

चाफा
तटाची गोष्ट तिने स्वतःच्या आत्मचरित्रात सांगितलीय, १९८७ मध्ये. खोटी म्हणत नाही मी. पण 'शिना नो योरू'नंतरचीही एक गोष्ट तिनेच सांगितलीय. बेइजिंगमध्ये एका चिनी पत्रकाराने विचारलं, चिनी असून असल्या सिनेमात काम कसं केलंस? तिने माफी मागितली, वय लहान होतं म्हणाली. ती माफीसुद्धा चिनी मुलगी म्हणूनच! माझा सगळा राग त्या क्षणावर आहे.

जुना ग्रामोफोन
चाफाताई, खरं सांगून टाकायचं तिच्या मनात होतं, पण सल्ला विचारला तेव्हा नको म्हणून सांगितलं गेलं, असं तीच लिहिते. पटो न पटो.

मला खटला जास्त महत्त्वाचा वाटतो. युद्ध संपल्यावर शांघायमध्ये तिच्यावर चीनशी द्रोह केल्याचा आरोप ठेवला. मरणाचीच शिक्षा व्हायची. बालपणीची रशियन ज्यू मैत्रीण ल्यूबा हिने जपानी कुटुंबनोंदणीचा उतारा मिळवून दिला. बाई जपानी ठरली, मग चीनशी द्रोह कसला? १९४६ मध्ये सुटली, न्यायाधीशाने कानउघाडणी तेवढी केली. कावाशिमा योशिको मात्र मांचू राजघराण्यात जन्मलेली, जपानी घरात वाढलेली. तिच्याकडे असा कागद नव्हता. १९४८ मध्ये तिला गोळी घातली. तिच्यावर आरोप हेरगिरीचे, तेव्हा तुलना सरळ नाही हे मान्य. तरी माझं म्हणणं असं की कोर्टाने प्रश्नच चुकीचा विचारला. ती कुठली, हे विचारलं. तिने काय केलं, ते बाजूलाच राहिलं.

दर्यावर्दी
तिने काय केलं म्हणता, तर पुढचंही मोजा. १९५० मध्ये दिग्दर्शक कुरोसावांच्या सिनेमात नट मिफुनेसमोर उभी राहिली, अमेरिकेत शर्ली यामागुची नावाने काम केलं. ते सोडा. टीव्हीसाठी पॅलेस्टाइनपर्यंत जाऊन आली. १९७४ ते १९९२ जपानच्या वरच्या सभागृहात होती. नंतर युद्धकाळात सैन्याने लैंगिक गुलामीत ढकललेल्या स्त्रियांसाठीच्या निधीची उपाध्यक्ष झाली. तोंड लपवून बसली नाही.

खारं वारं
त्या निधीबद्दल थोडं. भरपाईचे पैसे सरकारी नव्हते, लोकांच्या देणग्यांतून आले होते. म्हणून दक्षिण कोरियातल्या अशा कित्येक पीडित आज्यांनी ते नाकारले. आम्हाला दान नको, सरकारने जबाबदारी घ्यावी, हे त्यांचं मागणं होतं. योशिकोबाईंची तळमळ खरी असेल, पण माफी मिळाली की नाही हे त्या आज्या ठरवणार. दर्यावर्दी, तुम्ही किंवा मी नाही.

चाफा
खारं वारं, हे मनापासून पटलं. मग माझं 'माफ करू नये'सुद्धा मागे घ्यायला हवं, तो अधिकार मलाही नाही. राग मात्र राहील. आणि एक वाटतं, त्या गाण्याखाली दोन्ही नावं छापावीत, ली शियांगलान आणि यामागुची योशिको, एकाच आकाराच्या अक्षरांत.

जुना ग्रामोफोन
आधी कुठलं?